भिंतीचा आजार : धमनीकाठिण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

हिंगोलीहून नांदेडकडे निघालं की कळमनुरीच्या पुढे आखाडा बाळापूर लागतं. या भागात ‘ब्लॉकेज’ म्हणजे काय हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या चुलत्याला नांदेडला नेऊन अँजिओ केली, कुणाची बायपास हैदराबादला झाली, कुणाला रानातून घरी येताच छातीत कळ आली आणि दवाखान्याची पायरीही गाठता आली नाही, ही बोलणी एसटीच्या थांब्यावर, मोंढ्यात, लग्नाच्या पंगतीत चालतात. रोगाचं नाव ठाऊक आहे, उपचाराचं ठाऊक आहे, बिलाचा अंदाजही असतो. त्या कळेच्या आधीची तीस-चाळीस वर्षं मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. धमनीकाठिण्याचा, म्हणजे या ब्लॉकेजच्या मुळाशी असलेल्या रोगाचा अभ्यास हा मुख्यतः त्या वर्षांचा अभ्यास आहे.

हे लिहिताना माझ्यासमोर हृदयरोगतज्ज्ञ नाहीत. त्यांना ग्रंथांची वाण नाही. ग्रामीण रुग्णालयात बीपी मोजणारी सिस्टर, तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म घरोघर जाऊन भरणारी आशाताई, मेडिकलच्या काउंटरमागचा मुलगा, नुकताच दवाखाना थाटलेला बीएएमएस डॉक्टर, दहावीला विज्ञान शिकवणारे सर आणि रोज रात्री सासऱ्यांना आठवणीनं गोळी काढून देणारी सून, यांना या विषयात बोलवायचं आहे. विषय अवघड आहे, पण बंदिस्त नाही. त्यातले कित्येक मोठे प्रश्न अजून सुटलेले नाहीत आणि त्यांपैकी काहींची उत्तरं बाळापूरसारख्या ठिकाणीच सापडायची आहेत.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाकू. रक्तवाहिनी म्हणजे नळ, खाल्लेलं तेल-तूप म्हणजे नळात साचणारा क्षार आणि डॉक्टर म्हणजे नळ मोकळा करणारा कारागीर. हे चित्र आम्हा डॉक्टरमंडळींनीच लोकांच्या हाती दिलं, कारण गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत तेच सांगून होतं. पण धमनीची भिंत जिवंत असते. तिला तीन थर असतात आणि सगळ्यात आतलं, रक्ताला लागून असलेलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. उच्च रक्तदाब, तंबाखू, वाढलेली साखर यांनी हे अस्तर दुखावतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण त्यातून भिंतीत शिरतात आणि तिथेच अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळता गिळता फुगतात, मरतात आणि भिंतीच्या आत मेदाचा एक गळवासारखा साठा तयार होतो. त्यावर शरीर तंतूंचं झाकण घालतं. यालाच प्लाक म्हणतात.

पुढचा भाग फार लोकांना माहीत नसतो. प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तेवढीच राखते. शिकागोच्या सिमोर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली शवविच्छेदनातल्या हृदयांवरून दाखवलं, की भिंतीतला साठा सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होतच नाही. म्हणजे वर्षानुवर्षं रोग असतो, लक्षण नसतं. मग एखाद्या दिवशी झाकण फाटतं, आतला मेद रक्ताला भिडतो, त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते आणि वाट बंद होते. अनेक झटके अशा प्लाकमुळे येतात, ज्यानं आदल्या दिवसापर्यंत वाट फारशी अडवलेलीच नव्हती. ‘मागच्या महिन्यात तर ईसीजी नॉर्मल होता’ हे वाक्य ज्या घरात हळहळत उच्चारलं जातं, त्या घराला या एका परिच्छेदाचं स्पष्टीकरण देणं आपण लागतो. ईसीजी वाहिनीची भिंत पाहत नाही.

रोग नवा नाही. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या प्रदेशांतल्या १३७ ममींची सीटी तपासणी झाली, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश ममींच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर दिसले. तो म्हातारपणाचाही नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली, त्याचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय २२ आणि दर चारांतल्या तिघांच्या हृदयधमन्यांत रोगाची कमीअधिक खूण. आपल्याकडे या वयाची मुलं कॉलेजच्या गेटवर गुटख्याची पुडी फाडत असतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ही गोष्ट इथे नुसती नोंदवून ठेवतो.

या विषयाचा महाराष्ट्रातला इतिहास कुणी सलग लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. लिहायला हवा, आणि त्याची सुरुवात परळच्या केईएम रुग्णालयापासून करावी लागेल. तिथल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन केलेली चाचणी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. आपल्या परंपरेतली वनस्पती, पण मोजमाप आधुनिक. या एका निबंधानं जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं. पुढे वकिलांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं. त्याच रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम मोजला आणि १९६९ साली प्रसिद्ध केला. आज जडीबुटी आणि योग यांच्या नावानं जी दुकानं चालतात, त्यांच्या मालकांनी हे दोन निबंध वाचावेत. परंपरेबद्दल आदर असणं आणि तिला मोजपट्टी लावणं यांत विरोध नसतो, हे त्यांतून कळतं.

केईएममधलाच तिसरा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि तो फसलेला आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, हे अनेकांना माहीत असतं. त्याआधी १९६५ साली त्यांनी तेहेमतन उडवाडिया, किनारे आणि परुळकर यांच्यासोबत एक वेगळीच कल्पना मांडली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात बरंचसं रक्त धमनीच्या वाटेनं न जाता कप्प्यातूनच थेट स्नायूत झिरपतं. मग माणसाच्या धमन्या बंद झाल्या तर हृदयाच्या स्नायूला सुईनं बारीक छिद्रं पाडून रक्त आतूनच का पाजू नये? छिद्रं टिकली नाहीत. पुढे अमेरिकेत हेच काम लेझरनं करून पाहिलं गेलं, तरी त्यातून ठाम काही हाती लागलं नाही. दरम्यान १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपासची वाट रुळवली आणि सेन यांची सुई इतिहासजमा झाली. तरीही १९६५ च्या मुंबईत, तुटपुंज्या साधनांनी, सापाच्या हृदयाकडे बघून एवढा विचार करणारी माणसं होती, हे या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

मुंबईकडून आपल्याकडे सरकू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास उभा केला. पुण्याकडची नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. एवढा फरक असूनही आपल्या बाळाच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. कमी पडलेला असतो तो स्नायू. वरून काटकुळा, आतून मेदाळ असा हा देह. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, नेमका सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे ‘हा तर वाळकुडा आहे, याला कशाची शुगर’ असं म्हणून तपासणी टाळणारे अजून भेटतात. त्यांना हा फोटो दाखवावा. मधुमेह आणि धमनीकाठिण्य जुळ्या भावंडांसारखी हातात हात घालून येतात, आणि भारतीय माणसाच्या शरीरात त्यांची तयारी आईच्या पोटापासून सुरू झालेली असू शकते.

नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांनी २००७ साली ‘जामा’ या नियतकालिकात दाखवलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५८.८ व्या. ही माहिती ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासातली. त्याच अभ्यासानं हेही सांगितलं, की जगभरच्या झटक्यांच्या धोक्यातला सुमारे नव्वद टक्के भाग नऊ साध्या, मोजता येणाऱ्या गोष्टींनी उलगडतो. रक्तातले मेद, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळांची कमतरता, हालचाल आणि मद्य. विडी न ओढता नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचाही धोका दुपटीहून थोडा जास्त निघाला. मराठवाड्यात तंबाखू-चुना मळून शेजाऱ्याला देणं हा शिष्टाचार आहे. त्याचा धमनीशी संबंध आहे, हे मात्र कर्करोगाच्या भीतीखाली झाकून जातं.

गडचिरोलीचा संदर्भ आपल्याला सर्वांत जवळचा आहे. डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकार झाला आणि त्यावरचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक मराठी घराघरांत पोचलं. मराठी माणसाला या रोगाची भाषा त्या पुस्तकानं दिली, हे ऋण मान्य करूनही मला वाटतं, की ते मुख्यतः ज्याच्याकडे सकाळचा तास मोकळा आहे अशा वाचकाचं पुस्तक आहे. त्यांच्याच ‘सर्च’ संस्थेतून डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास तितका लोकप्रिय नाही, पण बाळापूरला तो अधिक लागू पडतो. २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ गावांतले सगळे मृत्यू तपासले गेले. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो ते, १४.३ टक्के. साप नाही, हिवताप नाही, लकवा. आणि त्यानं गेलेले बहुसंख्य लोक घरीच गेले. लकव्यामागे प्रत्येक वेळी मेदाचा प्लाकच असतो असं नाही; रक्तदाबानं फुटलेली वाहिनीही असते. पण दोन्हीकडे भिंत तीच आणि तिला झिजवणारा रक्तदाबही तोच.

आता तेलाकडे येतो, कारण तुमच्यापैकी निम्मे वाचक हा विषय उघडतात तो ‘कोणतं तेल खावं’ हे विचारायला.

मराठवाडा हा करडईचा मुलूख. रब्बी ज्वारीच्या कडेनं करडईच्या काटेरी ओळी, कोवळ्या पाल्याची भाजी, घाण्याचं तेल ही आमच्या आजोबांची व्यवस्था होती. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढले. मग सोयाबीन आलं, करडई मागे पडली आणि घरात पाकिटाचं तेल आलं. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं, त्यानं कोलेस्टेरॉल उतरतं, म्हणून शहरांत ते हृदयाचं तेल म्हणून खपलं. इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पण १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत नुकताच झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला होता. निम्म्यांना प्राणिज मेदाऐवजी करडईचं तेल आणि त्यापासून केलेलं मार्गारिन दिलं. त्याची जुनी माहिती शोधून काढून २०१३ साली पुन्हा मांडली गेली, तेव्हा दिसलं की करडई गटाचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू १७.६ टक्के झाले. दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

मग करडई वाईट का? एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. त्या काळच्या मार्गारिनमध्ये घातक ट्रान्स मेद असण्याची शक्यता आहे. शिवाय माणसं थोडी होती आणि आधीच आजारी होती. इतर अनेक प्रयोग एकत्र केले तर संतृप्त मेदाच्या जागी वनस्पतीजन्य असंतृप्त मेद आणल्यानं झटके कमी होतात, असंच झुकतं माप पडतं. उलट बाजूला रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली छापलेली निरीक्षणं आहेत. तूप-दूध भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडच्या रेल्वे कर्मचाऱ्यांपेक्षा दक्षिणेकडच्या, कमी मेद खाणाऱ्या कर्मचाऱ्यांत हृदयरोगाचे मृत्यू सातपट. तूपवाल्यांना हा निबंध फार आवडतो. पण निरीक्षण आणि प्रयोग यांत फरक असतो. उत्तर आणि दक्षिण यांत तुपाखेरीज इतरही शंभर गोष्टी वेगळ्या होत्या. या विषयात शिरताना एवढी एक सवय लावून घ्या. कुठलाही एकटा निबंध, मग तो आपल्या आवडीच्या तेलाच्या बाजूनं का असेना, उशाशी घेऊन झोपू नका. माझं स्वतःचं मत विचाराल तर वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं भज्यांचं तेल टाळा, ज्वारीची भाकरी-डाळ-पालेभाजी सोडू नका, आणि करडई परवडत असेल तर घाण्याचं तेल मोजून खुशाल खा. ठेचा, पापड, लोणचं यांतल्या मिठाबद्दल मात्र मी तेलापेक्षा जास्त बोलेन. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपण बहुतेक जण दुपारच्या जेवणातच ओलांडतो.

औषधांचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो स्पष्ट आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात सुमारे सहा हजार बुरशा तपासून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पहिला रेणू शोधला. त्या वाटेनं आलेल्या सिम्वास्टॅटिननं १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. आज या गटातली, म्हणजे स्टॅटिनची जेनेरिक गोळी स्वस्त आहे. ज्याला एकदा झटका आला त्यानं ती ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून बंद करू नये. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे. स्नायू दुखणं, साखर किंचित वाढणं हे तिचे खरे दोष आहेत, ते डॉक्टरांना सांगून डोस बदलता येतो. रक्तदाबाच्या बाबतीत २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीपासून सुरुवात, न उतरल्यास पुढची ठरलेली पायरी, आणि गोळ्या महिन्याभराच्या एकदम. त्यात चकाकणारं काही नाही, म्हणून वर्तमानपत्रांत त्याची बातमी होत नाही.

बातमी स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवलेल्या जाळीदार नळीची होते. चालू झटक्यात बंद वाट उघडणं जीव वाचवतं, याबद्दल वाद नाही. बाळापूरहून अँजिओप्लास्टी करणारी कॅथलॅब गाठेपर्यंत मोलाचा वेळ जाणार असेल, तर जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून, योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग १०८ च्या रुग्णवाहिकेनं पुढे पाठवणं ही मान्यताप्राप्त रीत आहे. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला जाणारी कळ याला गॅस समजून सोडा पीत बसण्यात जो तास जातो, तो पुढे कुठल्याही पैशानं परत मिळत नाही. पण चालताना ठरावीक अंतरावर छातीत उठणारं, स्थिर दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० साली छापलेला पाच हजारांहून अधिक रुग्णांचा ‘इस्केमिया’ या दोन प्रयोगांनी दाखवलं, की बहुतांश स्थिर रुग्णांत औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्यानं दुखणं कमी होतं, मृत्यू कमी होत नाहीत. भिंतीचा आजार सगळीकडे पसरलेला असतो. स्टेंट एका इंचाचा. २०१७ साली सरकारनं औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी-बायपास मोफत होते, हे दोन्ही चांगलंच झालं. मात्र योजनेत बसतं म्हणून करून घ्यावं, असं हे काम नाही. दुसरं मत मागण्यात डॉक्टरचा अपमान नसतो.

काढ्यानं ब्लॉकेज विरघळवणारे, शिरेतून चिलेशनच्या, म्हणजे रक्तातले धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाच्या बाटल्या लावणारे आपल्या भागातही फिरकतात. चिलेशनच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत आधी जो थोडा फायदा दिसला होता, तो २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या चाचणीत टिकला नाही. हळदीच्या पट्ट्यात राहून हे लिहिताना जरा जड जातं, पण हळदीनं माणसाच्या धमनीतला प्लाक ओसरल्याचा भक्कम पुरावा नाही. ती भाजीत राहू द्या आणि चांगल्या भावानं विका.

ज्यांना इथून पुढे जायचं आहे त्यांनी ग्रंथाआधी रक्तदाब नीट मोजायला शिकावं. पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, बोलू न देता, दोनदा. वाचनाला तेवढी जोड असली की प्रश्न आपोआप दिसू लागतात. माझ्या मनातला एक सांगतो. दिवाळीनंतर मराठवाड्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. गोळीचं कार्ड गावातल्या दवाखान्याचं, माणूस सहा महिने फडात. बारमाही मोजायचा हा रोग अर्ध्या वर्षापुरता मोजला जातो. त्या सहा महिन्यांत त्यांच्या बीपीचं काय होतं, गोळ्या कुठून मिळतात, कोण सोडतं आणि कोण टिकवतं, हे बाळापूरच्या एखाद्या सिस्टरनं दोन हंगाम वहीत टिपलं, तरी पुढची धोरणं आखताना त्या वहीचा आधार घेता येईल.